ओळीनंतरची जागा

परवा मी एका पाहुण्याला घराबाहेर काढलं. त्याची कॉफी कपात तशीच राहिली. पास्टरच्या बायकोला हे कुणीतरी पोचवलं आणि रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर तिने मला गाठलंच. "सिस्टर वर्डेल, अहो, तो रेडिओवाला न्यूयॉर्कहून एवढ्या लांब आला होता. तुमच्या भावाचं नाव करायला आला होता. असं वागतात का?"

असंच वागतात. माझे गुडघे गेलेत, जीभ गेलेली नाही. आणि दार माझं आहे. पण सगळ्या हिलवर, पिट्सबर्गच्या आमच्या टेकडीवरच्या वस्तीत, माझ्या नावाने बोटं मोडली जातायत, तर काय झालं ते एकदा पहिल्यापासून सांगते. मग ज्याला मोडायची त्याने खुशाल मोडावीत.

रेडिओवाला आला होता माझ्या धाकट्या भावासाठी. होशिया क्रचर. आमच्या हिलवरचे लोक त्याला ओळखतात ते बसचा ड्रायव्हर म्हणून. लांबून येणारे मात्र त्याला एका रेकॉर्डमुळे ओळखतात. एकसष्ट साली निघालेली त्याची पहिली रेकॉर्ड. पहिली आणि शेवटची. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच लाकडी धूड, बँडच्या मागे उभं राहून ठेका धरणारं. ते होशियाने पुढे आणलं, एकट्याने गातं केलं, असं त्याआधी कुणी केलं नव्हतं, असं पुस्तकांत छापलंय म्हणे. येणारा प्रत्येक जण हे मला माझ्याच घरात बसून सांगतो आणि मग मान तिरकी करून विचारतो, "दुसरी का नाही काढली?" हा प्रश्न आला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचे वडील डीकन रूफस क्रचर. डीकन म्हणजे पास्टरला मदत करणारा चर्चचा मानकरी. अलाबामातून आले, इथल्या पोलादाच्या भट्टीवर लागले. आठवडाभर भट्टी आणि रविवारी चर्च. चर्चमध्ये त्यांचं काम ओळ टाकायचं. जुन्या काळी आम्हा काळ्या लोकांपैकी कुणाला वाचता येत नव्हतं, म्हणून डीकनने उभं राहून गाण्याची एक ओळ एका दमात सांगायची आणि थांबायचं. मग सगळ्या चर्चने ती ओळ झेलायची. सावकाश, ताणून, प्रत्येकाने आपल्या वळणाने, पण सगळ्यांनी मिळून. 'वाट लांब, जोडे फाटले, देवा.' एवढीच ओळ असायची. वडिलांना ती टाकायला खोकल्याएवढा वेळ लागायचा. आम्हाला झेलायला लागायचा तेवढ्या वेळात एखादं तान्हं मूल रडून झोपी जायचं. आणि ती झेलणाऱ्यांत सगळ्यांच्या पुढे आवाज असायचा आमच्या आईचा, ओझेलाचा. वडिलांनी ओळ टाकायची, आईने झेलायची. घरात त्यांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसायचंच. काय बोलायचं ते रविवारी व्हायचं.

मग एक दिवस वडील भट्टीवर गेले आणि शवपेटीतून परत आले. पेटी उघडू दिली नाही आम्हाला.

त्याच सुमारास चर्चला नवा पास्टर आला. शिकलेला, चकचकीत बुटांचा. त्याने विजेचा ऑर्गन आणला, छापलेली पुस्तकं वाटली आणि म्हणाला, "बंधूंनो, भगिनींनो, आता आपण वाचणारे लोक आहोत. ती शेतमजुरांची पद्धत पुरे." टाळ्या पडल्या. माझ्या आईने हॅट सरळ केली आणि तोंड मिटलं. ती दर रविवारी गेली, पुढच्या बाकावर बसली, पण गायली नाही. मी चिडून विचारलं तर म्हणाली, "तो ऑर्गनवाला थांबतच नाही गं. मी बोलू कधी?"

होशिया तेव्हा शाळेत होता. शाळेच्या बँडमधलं ते धूड कुणाला नको होतं म्हणून त्याच्या वाट्याला आलं. तो ते पाठीवर घेऊन घरी आणायचा आणि बायका खिडक्यांतून ओरडायच्या, "क्रचरांच्या पोराने लग्न केलं वाटतं! बायको चांगली थोराड आहे!"

एका संध्याकाळी आई चुलीपाशी चवळी ढवळत होती, डुकराचं हाड घातलेली. होशियाने गज घेतला, तारांवर ठेवला आणि वडिलांची ती ओळ ओढली. हुबेहूब. तेवढ्याच दमात, तोच शेवटी जरा खाली बसणारा आवाज. मी कांदा चिरत होते, माझा हात थांबला. ओळ टाकली आणि तो थांबला. गज हवेत धरून थांबला. आई आमच्याकडे पाठ करून उभी होती. आणि मग तिने झेलली. पळी हातात, तोंड भिंतीकडे, पण सबंध ओळ, सगळ्या वळणांनिशी. चवळी खाली लागली त्या दिवशी. आम्ही करपलेलीच खाल्ली.

त्यानंतर आमच्या घरात रोज जेवणाआधी हेच. होशियाची ओळ, आईचं झेलणं. पुढे तो मोठा झाला, वायली ॲव्हेन्यूवरच्या क्लबांत वाजवायला लागला, बोटं अशी चालायची की गिटारवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. पण क्लबात एक रीत आहे. सॅक्सोफोनवाला एकटा वाजवतो तेव्हा लोक गप्प. पियानोवाला वाजवतो तेव्हा गप्प. बेसवाल्याची पाळी आली की सगळे एकदम बोलायला लागतात. ग्लास मागवतील, बायकोचं गाऱ्हाणं सांगतील, खुर्च्या ओढतील. मला संताप यायचा. मी एकदा एका जाड्याला भर क्लबात म्हटलं, "तोंड बंद ठेव नाहीतर त्यात पिशवी कोंबीन." होशिया नुसता हसायचा. म्हणायचा, "वर्डेल, मी आईसाठी वाजवतो गं. ती इथे नसते एवढंच."

तिथेच त्याला हॉलिस्टरने ऐकलं. न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस. त्याने होशियाला रेकॉर्ड करायला बोलावलं, त्याच्या स्वतःच्या नावाची. एका बाजूला पियानो आणि ड्रमवाल्याबरोबर, आणि दुसरी बाजू हवी तशी, एकट्याची. होशिया आईसमोर जमिनीवर बसला लहानपणी बसायचा तसा. "दुसऱ्या बाजूला मी डॅडीच्या ओळी टाकतो. सगळ्या. आणि प्रत्येक ओळीनंतर तुझी जागा सोडतो, अगदी तुला लागते तेवढी. मी गावोगाव असेन तेव्हा तू तबकडी लावायची आणि झेलायचं. कळलं?"

आई म्हणाली, "मशीन थांबेल का माझ्यासाठी?"

"मी थांबलोय ना. मशीन काय करतंय?"

तो गेला, वाजवून आला. सांगत होता की प्रत्येक ओळीनंतर तो डोळे मिटून मनात आईचं झेलणं पुरतं ऐकायचा आणि मगच पुढची ओळ टाकायचा. काचेआडची, रेकॉर्डिंग करणारी माणसं एकमेकांकडे बघायची म्हणे. बघू देत.

रेकॉर्ड घरी आली तो शनिवार होता. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारणी, वडिलांचे भट्टीवरचे सोबती, ज्या ज्या म्हाताऱ्यांना ओळ झेलता येत होती त्या सगळ्या. मी तळलेली कोंबडी आणि मक्याचा ब्रेड केला होता. आईने घरातल्या घरात हॅट घातली होती. वेष्टणावर पाहिलं तर होशियाचं तोंडच नाही, नुसती बोटं छापलेली. आणि नाव, 'दम न घेता'. होशिया म्हणाला, "हे नाव मी दिलं नव्हतं." तरी कुणाला काही शंका आली नाही. मी दुसरी बाजू लावली.

पहिली ओळ आली. भट्टीवरचे म्हातारे टोप्या काढून उभे राहिले, त्यांना डीकन रूफसचा आवाज कळला. ओळ संपली. आईने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि तिच्या तोंडावर दुसरी ओळ येऊन आदळली.

आई दचकली. हसली जरा. तिला वाटलं आपणच उशीर केला. दुसरी ओळ संपायच्या आत तिने श्वास भरून ठेवला, आणि तिने पहिलं अक्षर उच्चारायच्या आत तिसरी. मग चौथी तिच्या डोक्यावरून गेली. एकामागून एक, धडाधड, माणसांच्या अंगावरून गाडी जावी तशा माझ्या बापाच्या ओळी गेल्या. आईने तोंड मिटलं. मांडीवर हात ठेवले. शेवटी, उरलेल्या जागेत, एक नाचाची धून होती. होशियाने बोटं गरम करायला सहज वाजवलेली. तीही त्यांनी घातली होती. जागा वाचली ना!

आईने हॅट काढली आणि म्हणाली, "छान वाजवलंयस रे बाळा. माझं वय झालं, मला गाठता येत नाही." आणि स्वयंपाकघरात गेली.

तिला वाटलं चूक तिची आहे! मी ती तबकडी तेव्हाच गुडघ्यावर मोडणार होते. होशियाने माझा हात धरला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

सोमवारी आम्ही दोघं न्यूयॉर्कला. मी बरोबर गेले कारण माझा भाऊ मऊ आहे आणि मी नाही. हॉलिस्टर उठून उभा राहिला, हात पुढे केला. "मिस क्रचर! तुमच्या भावाने इतिहास घडवलाय."

"मधली जागा कुठे गेली?" मी विचारलं.

"कसली जागा?"

होशियाने समजावलं. शांतपणे, पोराला समजवावं तसं. ओळ, मग झेलणं, मग ओळ. हॉलिस्टर ऐकून घेत होता आणि घड्याळाकडे बघत होता. म्हणाला, "हे बघ, होशिया. त्या टेपवर काहीही नव्हतं. नुसती खरखर. माझा माणूस म्हणाला, बेसवाला पुढचं विसरतोय, आठवेपर्यंत थांबतोय. आम्ही तुझी अब्रू वाचवली. कात्री लावली आणि बघ काय झालं! लोक विचारतायत, हा माणूस गज फिरवतो कधी, सांधा ऐकूच येत नाही."

"ते तुकडे कुठायत?" होशियाने विचारलं.

"कुठले तुकडे?"

"कापलेले."

"रिकामी टेप कोण ठेवतं? झाडून टाकली असेल."

माझ्या आईची जागा झाडून टाकली होती. केरात, सिगारेटच्या थोटकांबरोबर. मी त्या माणसाला जे बोलले ते चर्चला जाणाऱ्या बाईने पुन्हा सांगू नये असं आहे. होशियाने मला दंडाला धरून बाहेर आणलं.

आणि मग सुरू झालं कौतुक. पेपरात, मासिकांत. धाडसी! असं कधी झालं नव्हतं! शिकागोचे, फिलाडेल्फियाचे तरुण बेसवाले ते वाजवायला बसले, जीव काढून, दंड सुजवून. अरे बाबांनो, ते वाजवणं माणसाचं नव्हतं, कात्रीचं होतं. पण सांगणार कुणाला? लोकांना तेच आवडलं होतं. कंपनीने गावोगाव कार्यक्रम ठरवले, रेकॉर्डवर आहे तस्सं वाजवायचं या बोलीवर. ते चांगले झाले तर दुसरी रेकॉर्ड, आणि ती होशियाच्या मनासारखी. होशियाने मान डोलावली. त्याचा हिशोब साधा होता. दुसरीत जागा सोडता येईल. म्हणून माझा भाऊ स्वतःच्याच कापून जोडलेल्या टेपसारखं, न थांबता वाजवायला शिकला. खांदा कायमचा गेला त्याचा त्यात.

इकडे आई घरात गप्प. होशियाने सुट्टीला येऊन गज उचलला तर म्हणायची, "आज नको रे, घसा बरा नाही." महिनोन् महिने घसा बरा नाही. मी आतल्या आत धुमसत होते. एका दुपारी मी इस्त्री करत असताना ती पुढच्या खोलीतून म्हणाली, "वर्डेल, ती लाव."

"कशाला? परत त्रास करून घ्यायचाय?"

"लाव म्हणते ना."

मी लावली, आदळआपट करतच. पहिली ओळ संपत आली तशी आई खुर्चीत पुढे सरकली आणि ओरडली, "उचल! सुई उचल!"

मी झटकन सुई उचलली. खोली शांत झाली. आणि आईने ओळ झेलली. तिला लागतो तेवढा वेळ घेऊन, डोळे मिटून, सगळी वळणं घेऊन. संपल्यावर म्हणाली, "ठेव." मी ठेवली. जरा मागेच पडली, ओळीचं शेपूट पुन्हा वाजलं. "उचल!" पुन्हा उचलली. आम्ही दोघींनी अख्खी बाजू अशी संपवली. माझी सुई कधी पुढे, कधी मागे पडत होती, तबकडीवर चर्र चर्र ओरखडे उठत होते. शेवटी आई घामाने निथळली होती आणि म्हणाली, "मशीन थांबत नाही म्हणे! थांबवणारं कुणी पाहिजे."

मग रोज जेवणाआधी तेच. ती झेलायची, मी सुई उचलायची. कार्यक्रमांचा शेवटचा मुक्काम आमच्याच पिट्सबर्गला होता. होशिया घरी आला तेव्हा आमचं चाललेलं होतं. तो दारातच उभा राहिला, बेस पाठीवर. आम्हाला पत्ता नाही. बाजू संपल्यावर मी वळून पाहिलं तर तो तसाच उभा. एवढंच म्हणाला, "किती ओरबाडलीस गं, वर्डेल." आणि रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम. आई आली नाही, दारू विकतात तिथे ती पाय ठेवत नसे. हॉलिस्टर पडद्याच्या कडेला, मी तिसऱ्या रांगेत. दुसऱ्या भागात होशिया एकटा आला. पहिली ओळ टाकली. आणि गज हवेत धरून थांबला.

लोकांनी आधी वाट पाहिली. मग कुणीतरी खोकलं. मग दुसरा. मागून एक जण म्हणाला, "काय रे, झोप लागली का?" हशा पिकला. हॉलिस्टर हात हलवून 'पुढे, पुढे' करत होता. होशियाने डोळे उघडले नाहीत. मला आईचं वळणन् वळण पाठ झालं होतं. मी मनात म्हणत होते, आता ती वर चढतेय, आता उतरतेय, आता शेवटचं ओढतेय. ते संपलं त्याच क्षणी होशियाने दुसरी ओळ टाकली. एक क्षण इकडे नाही, तिकडे नाही. आणि पुन्हा थांबला. माणसं उठून जायला लागली, कोट खांद्यावर टाकून. शेवटच्या ओळीनंतरची जागाही त्याने पुरती सोडली, मग गज खाली केला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, क्रचर संपला, मंचावर आठवत नव्हतं. हॉलिस्टरने दुसऱ्या रेकॉर्डचं नावही पुन्हा काढलं नाही.

कार्यक्रमाच्या रात्री घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "आज जागा सोडली."

"झेलली का कुणी?"

"नाही."

"मग ती त्यांची लाज. तुझं काम सोडायचं." आणि तिने त्याच्या पुढ्यात चवळी वाढली.

होशियाने मग बस चालवली. म्हातारी बाई लांबून लंगडत येताना दिसली की हा थांबायचा, मागच्या गाड्या कितीही बोंबलोत. आई गेली तेव्हा तिच्या पेटीशेजारी उभा राहून त्याने ओळी टाकल्या आणि राहिलेल्या चार म्हाताऱ्यांनी झेलल्या. आता त्याची बोटं वाकडी झालीत. गज धरता येत नाही.

हे सगळं परवा त्या रेडिओवाल्याने ऐकलं. शब्द न् शब्द. चांगला वाटला मला तो, रुमालाने डोळेसुद्धा पुसले. टेबलावर त्याचं टेपचं यंत्र फिरत होतं. त्याने आमची घरची प्रत उजेडात धरली, ओरखडे पाहिले आणि म्हणाला, "अरेरे, पार वाया गेली." मी तेही गिळलं. मग होशियाला त्याने विचारलं, त्या दिवशी हॉलमध्ये काय वाटलं? होशिया सावकाश बोलतो. एक वाक्य बोलतो, थांबतो, तुम्ही 'हं' म्हणायची वाट बघतो. आमच्याकडे सगळेच तसे बोलतात. तो म्हणाला, "मला ती ऐकू येत होती." आणि थांबला. बराच वेळ थांबला. बाहेरून पोरांचा आवाज येत होता.

रेडिओवाला यंत्रावर वाकला आणि अगदी मायेने म्हणाला, "काही काळजी करू नका, मिस्टर क्रचर. सावकाश सांगा. ही मधली रिकामी जागा मी नंतर कापून टाकीन."

आता सांगा. मी काय करायला हवं होतं, अजून गोडाचा पीच पाय वाढायला हवा होता? मी यंत्राचं बटण दाबलं, त्याचा कोट त्याच्या अंगावर फेकला आणि दार उघडलं. तो बिचारा पायरीवर उभा राहून विचारत होता, "पण माझं चुकलं काय?" मी दार लावलं. काचा हादरल्या.

मी परत आले. होशिया खुर्चीत तसाच बसला होता.

"गेला?"

"गेला. तू का काही बोलला नाहीस?"

"तू बोललीस की." त्याने वाकड्या बोटांनी तबकडीकडे खूण केली. "लाव."

मी लावली. बापाची ओळ आली, संपली, आणि मी सुई उचलली. होशियाने डोळे मिटले आणि आईच्या वळणाने, फाटक्या म्हाताऱ्या आवाजात, ती झेलायला लागला. मी सुई हातात धरून उभी राहिले.